देशाच्या बँका आणि बाईंची बँक

मार्च २०२३ मध्ये अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात एक बँक बुडाली आणि मुंबईत भलत्याच बँकेच्या खातेदारांच्या पोटात गोळा आला. बुडालेल्या बँकेचे नाव सिलिकॉन व्हॅली बँक, म्हणजे लघुरूपात एसव्हीबी. आपली शामराव विठ्ठल सहकारी बँक, १९०६ साली स्थापन झालेली, एसव्हीसी या नावाने ओळखली जाते. फरक एका अक्षराचा. पण तेवढ्यावर मोबाइलवरून संदेश फिरू लागले, आणि शंभरी ओलांडलेल्या त्या बँकेला निवेदन काढून सांगावे लागले की अमेरिकेतल्या त्या बँकेशी आमचा काडीचाही संबंध नाही.

ऐकणाऱ्याला हसू येते. मला आले नाही. आयुष्यातली एकतीस वर्षे मी बँकेच्या काउंटरच्या आतल्या बाजूला काढली आहेत, आणि बँक या वस्तूइतकी वरून भक्कम व आतून नाजूक वस्तू दुसरी नाही, हे ज्याने आतून पाहिले आहे त्याला अफवेचे हसू येत नाही. स्ट्राँग रूमचा दरवाजा वीतभर जाडीचा असतो खरा. पण त्याच्या आड ठेवीदारांचे सगळे पैसे असतात अशी जी समजूत आहे ती निव्वळ समजूत आहे. तिथे दोन-तीन दिवसांच्या व्यवहाराला पुरेल एवढी रोकड असते. बाकीचे पैसे कुणाच्या फ्लॅटमध्ये, कुणाच्या कारखान्यात आणि सरकारच्या रोख्यांत गुंतलेले असतात. ठेवीदाराला मागताक्षणी द्यायचे आणि कर्जदाराकडून वीस वर्षांनी घ्यायचे, या विसंगतीलाच बँकिंग म्हणतात. सगळे ठेवीदार एकाच सकाळी आले तर जगातली सर्वांत प्रामाणिक बँकही दुपारपर्यंत शटर ओढेल.

सिलिकॉन व्हॅली बँकेने तर काही चोरीही केली नव्हती. व्याजदर तळाला असताना तिने दीर्घ मुदतीचे रोखे घेऊन ठेवले. व्याजदर चढले तशा त्या रोख्यांच्या किमती उतरल्या. ठेवीदारांना त्याचा सुगावा लागला. ९ मार्च रोजी एका दिवसात ४,२०० कोटी डॉलर काढून घेण्यात आले आणि दुसऱ्या दिवशी बँक बंद. ना रांग, ना टोकन, ना कॅशियरशी हुज्जत. माणसे घरी बसून फोनवर बोट टेकवत होती.

त्याआधीच्या मोठ्या संकटात निदान रांगा तरी दिसल्या. सप्टेंबर २००७ मध्ये ब्रिटनच्या नॉर्दर्न रॉक बँकेपुढे लोक पहाटेपासून उभे राहिले. ब्रिटनमध्ये एखाद्या बँकेवर अशी झुंबड १८६६ नंतर पहिल्यांदाच उडत होती. वर्तमानपत्रांनी त्यांना घाबरट म्हटले. मला ते पटले नाही. त्या काळी तिथल्या विम्याची तऱ्हा अशी होती की पहिले २,००० पौंड पूर्ण सुरक्षित आणि त्यापुढच्या ३३,००० पौंडांचे नव्वद टक्के. म्हणजे बँक बुडाली तर शहाण्या माणसाचेही काही ना काही जाणारच होते. मग रांगेत उभे राहणे हाच शहाणपणा नव्हे काय? सरकारने १७ सप्टेंबरला सर्व ठेवींची हमी घेतली आणि रांगा विरघळल्या. घबराट थांबते ती भाषणाने नव्हे. आपले पैसे कोण देणार आणि किती देणार हे स्पष्ट कळले की थांबते.

मग २००८ उजाडले. १५ सप्टेंबरला लेहमन ब्रदर्सने दिवाळे जाहीर केले आणि पंधरवड्याच्या आत वादळ आपल्या दारात आले. आयसीआयसीआय बँकेच्या ब्रिटनमधल्या उपकंपनीकडे लेहमनचे रोखे होते, सुमारे ५.७ कोटी युरोंचे. ज्या बँकेचा पसारा तेव्हा चार लाख कोटी रुपयांच्या घरात होता तिच्या दृष्टीने ही रक्कम म्हणजे हत्तीच्या पाठीवरची माशी. पण सप्टेंबरच्या अखेरीस काही शहरांत एटीएमपुढे रांगा लागल्या. ३० सप्टेंबरला रिझर्व्ह बँकेला पत्रक काढून सांगावे लागले की या बँकेकडे पुरेशी रोकड आहे आणि लागेल ती आम्ही पुरवू. बँकेने मागेल त्याला पैसे दिले, आणि वादळ शमले. पण त्या दिवसांत खासगी बँकांतल्या ठेवी मोडून सरकारी बँकांत नेण्याची जी लाट आली ती मी काउंटरच्या आतून पाहिली आहे. आमच्या शाखेत त्या ऑक्टोबरात नव्या मुदत ठेवींच्या पावत्या लिहिता लिहिता मुलींचे हात दुखून आले.

त्याच सुमारास एका रविवारी आमच्या बाई घरी आल्या. बाई म्हणजे आमच्या जुन्या चाळीतल्या, नगरपालिकेच्या शाळेत आयुष्य घालवलेल्या. मला अर्ध्या चड्डीत असल्यापासून ओळखणाऱ्या, त्यामुळे मी मॅनेजर झालो तरी त्यांच्या लेखी ‘अरे’च राहिलो. प्लास्टिकच्या पिशवीत सगळ्या पावत्या घेऊन आल्या होत्या. निम्म्या सरकारी बँकेच्या, निम्म्या एका सहकारी बँकेच्या, कारण तिथे अर्धा टक्का व्याज जास्त आणि मॅनेजर ओळखीचा. विचारले, ‘‘अरे, बँका बुडणार का?’’

मी त्यांना समजावू लागलो. आपल्या देशाच्या बँका कशा मजबूत आहेत, अमेरिकेत काय झाले, आपल्याकडे तसे का होणार नाही. बाईंनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, ‘‘देशाच्या बँकांचं राहू दे. माझ्या बँकेचं सांग.’’

एवढ्या वर्षांत अर्थतज्ज्ञांची पुष्कळ भाषणे ऐकली, पण हा भेद इतक्या नेमक्या शब्दांत कुणी केला नाही. देशाच्या बँका सुरक्षित आहेत काय, हा एक प्रश्न. माझी बँक सुरक्षित आहे काय, हा अगदी वेगळा प्रश्न. दूरचित्रवाणीवर मंत्री पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतात आणि आपण ते दुसऱ्याचे समजून निवांत झोपतो.

आधी पहिल्याचेच पाहू. २००८ मध्ये आपल्या बँका तरल्या, ती काही दैवाची कृपा नव्हती. त्या वर्षी ऑगस्टअखेर बँकेत आलेल्या प्रत्येक शंभर रुपयांपैकी नऊ रुपये रिझर्व्ह बँकेकडे रोख ठेवावे लागत आणि पंचवीस रुपये सरकारी रोख्यांत गुंतवावे लागत. चौतीस रुपयांना बँकेने हात लावायचा नाही. १९९० च्या सुमारास तर हा आकडा पन्नाशीच्या पलीकडे होता आणि त्याला उदारीकरणाच्या पुरस्कर्त्यांनी यथेच्छ शिव्या दिल्या, बऱ्याच अंशी रास्तही. पण वादळात हीच अडचण ठेव म्हणून कामी आली. रोखतेची तंगी होताच रिझर्व्ह बँकेने नऊचे पाच केले, जानेवारी २००९ पर्यंत, आणि हजारो कोटी रुपये बँकांच्या हाती मोकळे झाले. ज्यांच्या कोठारात धान्यच नव्हते त्या देशांना हे करता आले नाही.

दुसरे श्रेय एका व्यक्तीला द्यावे लागेल. यागा वेणुगोपाल रेड्डी हे ५ सप्टेंबर २००८ पर्यंत गव्हर्नर होते. लेहमन पडण्याच्या दहा दिवस आधी ते निवृत्त झाले. त्यांच्या कारकिर्दीत जागांचे भाव भडकत होते आणि बँका बिल्डरांना कर्जे देण्यासाठी रांग लावून उभ्या होत्या. रेड्डींनी अशा कर्जांमागे अधिक भांडवल ठेवायला लावले. आणखी एक नियम केला: कर्जे एकत्र बांधून विकली तर त्यातला नफा एकदम दाखवायचा नाही, तो कर्जाच्या मुदतीत हप्त्याहप्त्याने दाखवायचा. अमेरिकेत ज्या खेळाने घर जाळले त्यातली सगळी गंमतच या एका नियमाने निघून गेली. त्यावेळी त्यांना जुनाट, भित्रे, वाढीच्या मार्गातली धोंड म्हणणारे लेख मी वाचले आहेत. त्याच लेखणीने पुढे त्यांचे पोवाडे लिहिले.

आणि तिसरे, उघड कारण. देशातल्या बँकव्यवसायाचा सुमारे सत्तर टक्के भाग तेव्हा सरकारच्या मालकीचा होता. सरकारी बँकेतल्या माणसाचे काम संथ असेल, जेवणाच्या सुटीनंतर तो जागेवर सापडत नसेल (मी त्यांच्यातलाच एक, तेव्हा मला हे म्हणायचा अधिकार आहे), पण त्याच्यामागे सरकार उभे आहे ही लोकांची श्रद्धा होती, आणि बँकेचे अर्धे भांडवल श्रद्धा हेच असते.

मात्र सरकार मागे उभे आहे याचा अर्थ काय, हे परदेशांतली दोन-तीन उदाहरणे पाहिल्याशिवाय कळत नाही. आइसलँड हा आपल्या सांगली-मिरजेहून कमी वस्तीचा देश. त्याच्या तीन मोठ्या बँकांचा पसारा देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या नऊ-दहापट फुगला होता. ऑक्टोबर २००८ मध्ये एका आठवड्यात तिन्ही कोसळल्या. त्यांतल्या एकीने इंटरनेटवरून ब्रिटन आणि हॉलंडमधल्या लोकांच्या ठेवी जास्त व्याज देऊन गोळा केल्या होत्या. ब्रिटनमधल्या शंभराहून अधिक स्थानिक संस्थांनी लोकांच्या करांचे पैसेही आइसलँडच्या बँकांत ठेवले होते. ब्रिटनने तर त्या बँकेची मालमत्ता गोठवायला दहशतवादविरोधी कायदा वापरला. घर बारा खणी आणि डोईवर कर्ज अख्ख्या गावाचे, तर घरमालकाची हमी काय कामाची?

आयर्लंडने ३० सप्टेंबर २००८ रोजी आपल्या सहा बँकांची सर्व देणी अंगावर घेतली, सुमारे ४४,००० कोटी युरो. लोकांनी सुटकेचा निःश्वास सोडला. दोन वर्षांनी, नोव्हेंबर २०१० मध्ये, बँकांना वाचवता वाचवता देशच नाणेनिधी आणि युरोपीय संघाच्या दारात कर्ज मागायला उभा होता. सायप्रसची कथा त्याहून कडू. मार्च २०१३ मध्ये तिथल्या बँका बारा दिवस बंद राहिल्या. पहिला प्रस्ताव असा होता की लहान ठेवीदारांच्या, म्हणजे विम्याखाली असलेल्या ठेवींतूनही पावणेसात टक्के कापून घ्यावेत. तिथल्या संसदेने तो फेटाळला. अखेर मोठ्या बँकेत एक लाख युरोंवरच्या ठेवींचा जवळपास निम्मा भाग बँकेच्या शेअरमध्ये बदलला गेला. ठेवीदार रात्री झोपला तो सकाळी भागधारक होऊन उठला, आणि तोही बुडत्या बँकेचा.

त्याचे पडसाद आपल्याकडे २०१७ मध्ये उमटले. बँका अडचणीत आल्यास काय करायचे याचे एक विधेयक संसदेत आले आणि त्यातल्या एका कलमात ठेवीदारांच्या देण्यांना कात्री लावता येण्याची सोय होती. त्यावर जे काहूर उठले ते आठवत असेल. २०१८ मध्ये सरकारने विधेयक मागे घेतले. आपल्या मध्यमवर्गाला अर्थशास्त्र समजत नाही असे म्हणतात; मुदत ठेवीचा प्रश्न आला की ते बरोबर समजते.

तर आपण तरलो. पण तरण्याचा हिशेब लगेच मांडता येत नाही. २००६ ते २००८ या भरभराटीच्या वर्षांत आणि त्यानंतरच्या सुस्तावलेल्या काळात आपल्या बँकांनी वीज, रस्ते, पोलाद यांसाठी सढळ हाताने कर्जे दिली. ती थकली तेव्हा जुने कर्ज फेडायला नवे कर्ज देऊन वह्या स्वच्छ ठेवल्या गेल्या. २०१५ मध्ये रघुराम राजन यांच्या कारकिर्दीत रिझर्व्ह बँकेने वह्या नीट उघडायला लावल्या, आणि मार्च २०१८ पर्यंत थकीत कर्जांचे प्रमाण अकरा टक्क्यांच्या वर गेले. सरकारी बँकांना उभे ठेवण्यासाठी २०१६-१७ पासून पाच वर्षांत तीन लाख कोटींहून अधिक भांडवल ओतावे लागले. ते तुमच्या-आमच्या करांतून आणि सरकारने काढलेल्या कर्जांतून आले. मार्च २०२५ पर्यंत थकीत कर्जे अडीच टक्क्यांच्या खाली आली, ही समाधानाची बाब. त्यात निर्लेखनाचाही मोठा वाटा आहे, ही न बोलायची बाब. सांगायचे हे की, परदेशांत ठेवीदाराच्या खिशाला एका रात्रीत भोक पडले, आपल्याकडे करदात्याच्या खिशातून दहा वर्षे थेंब थेंब गळत राहिले. बाईंची सरकारी बँकेतली पावती सुखरूप राहिली ती अशी.

आता बाईंच्या दुसऱ्या निम्म्या पावत्या. नागरी सहकारी बँका देशात सर्वाधिक आपल्या महाराष्ट्रात आहेत आणि त्यांनी भाजीवाल्यापासून शिक्षकांपर्यंत ज्यांना मोठ्या बँका उभे करत नव्हत्या त्यांना उभे केले, हे ऋण मान्य करूनच पुढचे लिहितो. आपल्याकडे ठेवीदाराचे हाल झाले ते न्यूयॉर्कच्या वादळाने नव्हे. २३ सप्टेंबर २०१९ रोजी जगात कोणतेही संकट नव्हते. त्या दिवशी रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध घातले आणि ठेवीदारांना सांगितले गेले की सहा महिन्यांत फक्त एक हजार रुपये काढता येतील. एक हजार! बँकेच्या कर्जांपैकी सुमारे ७३ टक्के एकाच बांधकाम समूहाकडे अडकले होते आणि ते लपवण्यासाठी एकवीस हजारांवर बनावट खाती वापरली गेली, असे तपासात पुढे आले. हे लेखापरीक्षकाला, संचालकांना, तपासनीसाला दिसले नाही. कुणाची शस्त्रक्रिया, कुणाची फी, कुणाचे लग्न त्या एक हजारापाशी येऊन थांबले. मर्यादा पुढे वाढत गेली. जानेवारी २०२२ मध्ये ती बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली आणि मोठ्या ठेवीदारांच्या वाट्याला दहा वर्षांत विखुरलेले हप्ते आले. सत्तरीच्या माणसाला दहा वर्षांचे हप्ते!

पुण्याच्या रुपी बँकेचे ठेवीदार २०१३ पासून परवाना रद्द होईपर्यंत, म्हणजे २०२२ पर्यंत, लोंबकळत राहिले. फेब्रुवारी २०२५ मध्ये मुंबईच्या न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेत १२२ कोटींची रोकड गायब असल्याचे निघाले आणि पुन्हा बंद दारांपुढे वृद्धांची गर्दी. ती बँक ऑगस्टमध्ये सारस्वत बँकेत गेली म्हणून ठेवीदार सुटले. व्यापारी बँक अडचणीत आली की यंत्रणा कशी धावते पाहा. साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न बँक २००६ मध्ये महिन्याभरात आयडीबीआयमध्ये विलीन झाली. येस बँकेवरचे निर्बंध मार्च २०२० मध्ये पंधरवड्यात उठले. मोठ्याच्या घरी आग लागली की बंब लगेच येतो. चाळीत मात्र बादल्या शोधत बसायचे.

या साऱ्यात ज्या गोष्टीचा मला सर्वांत जास्त राग आहे ती म्हणजे ठेवविम्याची. १९६० मध्ये केरळची पलाई सेंट्रल बँक बुडाली, त्या धक्क्यातून १ जानेवारी १९६२ पासून आपल्याकडे ठेवींचा विमा आला. तेव्हा मर्यादा १,५०० रुपये. ती वाढत वाढत १९९३ मध्ये एक लाख झाली, आणि तिथे जी थांबली ती २०२० पर्यंत. सत्तावीस वर्षे! १९९३ साली लाख रुपयांत काय येत होते आणि २०१९ साली काय, हे कोणत्याही गृहिणीने सांगितले असते. पण विचारायला कुणी गेले नाही. शेवटी पीएमसीच्या ठेवीदारांनी रस्त्यावर उतरून आक्रोश केला तेव्हा, ४ फेब्रुवारी २०२० पासून, ती पाच लाख झाली. २०२१ च्या दुरुस्तीने बँकेवर निर्बंध आले तरी नव्वद दिवसांत विम्याची रक्कम मिळण्याची सोय झाली. दोन्ही सुधारणा चांगल्या आहेत. पण पुढचा बदलही कुणाचे घर जळाल्यावरच व्हायचा असेल तर तो विमा कसला? ही मर्यादा महागाईशी बांधून टाकावी आणि दर काही वर्षांनी आपोआप वाढावी, असे माझे स्पष्ट मत आहे. आज खात्यांच्या संख्येने पाहिले तर सत्त्याण्णव टक्क्यांहून अधिक खाती पूर्ण विम्याखाली आहेत. रकमेने पाहिले तर निम्म्याहून कमी. आणि ती उघडी निम्मी रक्कम सगळी धनाढ्यांची नसते. निवृत्तीच्या दिवशी ग्रॅच्युइटी आणि भविष्यनिर्वाह निधी एकरकमी ज्याच्या हाती पडतो तो शिक्षक वा कारकून त्या दिवशी ‘मोठा ठेवीदार’ होतो.

त्या रविवारी बाईंना मी जे सांगितले ते आजच्या आकड्यांत सांगतो. पाच लाख हे मुद्दल आणि व्याज धरून, आणि एका बँकेतल्या सगळ्या शाखा मिळून. दादरला एक ठेव आणि ठाण्याला दुसरी, यात काही हशील नाही. बँक दुसरी हवी. नवरा-बायकोची संयुक्त ठेव ही एकट्याच्या ठेवीहून वेगळी धरली जाते, इतकेच नव्हे तर नावांचा क्रम उलटा केला तरी ती वेगळी ठरते. विम्याचा हप्ता बँक भरते, खातेदाराने काही करायचे नसते. अर्धा टक्का जास्त व्याज मिळते म्हणून सगळी पुंजी एका ठिकाणी ठेवू नये. पाच लाखांवर अर्धा टक्का म्हणजे वर्षाला अडीच हजार रुपये, आणि त्यासाठी पत्करायचा धोका मात्र पाच लाखांच्या वरच्या प्रत्येक रुपयाचा. आपली बँक कुणाला कर्जे देते हे विचारायला सहकारी बँकेच्या वार्षिक सभेत सभासद जाऊ शकतो. बाई गेल्या. अहवाल आधी घरी वाचून, पेन्सिलीने खुणा करून गेल्या. अध्यक्षांना थकबाकीचा आकडा विचारला तेव्हा सभागृहात मागच्या रांगांत नाश्त्याच्या कुपनांची वाटणी चालू होती. पण उत्तर द्यावे लागले.

त्यांच्या पिशवीत एक पावती वेगळ्या रंगाची होती. नाक्यावरच्या पतसंस्थेची. तिथे व्याज दोन टक्के जास्त. बाहेरचा फलक बँकेसारखा, आतले काउंटर बँकेसारखे, पासबुकही बँकेसारखे. पण पतसंस्था ही बँक नव्हे. तिच्यावर रिझर्व्ह बँकेची देखरेख नाही आणि तिथल्या ठेवीला या विम्याचा एक रुपयाही लागू नाही. बाईंना हे माहीत नव्हते. दुसऱ्या दिवशी मुदत संपायला चार महिने असताना त्यांनी ती मोडली, व्याज थोडे बुडाले, आणि संध्याकाळी पोस्टात जाऊन ज्येष्ठ नागरिक योजनेचा फॉर्म घेऊन आल्या.